एआयला विचारा, पण ‘कशावरून?’ हेही विचारा

रोह्याजवळच्या एका बौद्धवाडीतल्या विहारात २० मार्चच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी महाडच्या सत्याग्रहावर बोलणार होती. भाषण पाठ होते, आवाज खणखणीत होता. ‘बाबासाहेब महाडच्या परिषदेत म्हणाले होते’ असे सांगून तिने एक लांबलचक उतारा म्हणून दाखवला. रायगड जिल्ह्यातील बंधू-भगिनींना साद घालणारा, संविधानाने दिलेल्या पाण्याच्या हक्काची आठवण करून देणारा तो उतारा होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मागे भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा मात्र गप्प होते. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, दर वर्षावासात विहारात ग्रंथवाचन करणारे. ते एवढेच म्हणाले, “बाय, बाबासाहेबांच्या टायमाला रायगड जिल्हा कुठला? तेव्हा कुलाबा होता. आणि सत्तावीस साली संविधान कुठून आलं?”

मुलीचा चेहरा उतरला. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली. “मॅडम, मी खोटं नाही बोलले. मोबाइलनं दिलं तेच बोलले.”

ती खरेच बोलत होती. चूक असलीच तर निम्मी माझी होती. चार दिवसांपूर्वी “एआयची मदत घे, भाषण चांगलं होईल” असे तिला मीच सांगितले होते. मदत कशी घ्यायची, हे सांगायचे मात्र राहून गेले होते. त्या दिवसानंतर रोहा आणि पेण या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयीन मुलामुलींसोबत मी रविवारी बसू लागले. कधी विहारात, कधी कुणाच्या पडवीत. विषय एकच: चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी साधने वापरायची, पण डोके गहाण न ठेवता. त्या बैठकांतून जे हाती लागले ते या लेखात मांडते आहे.

बंदी हा उपाय नाही

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. ‘एआय वाईट, मोबाइल बंद करा’ असे सांगायला मी बसलेले नाही. आपल्या वाड्यांतली बहुतेक मुले घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. वडील धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, आई घरकामाला किंवा शेतात. इंग्रजीत अर्ज कसा लिहायचा, अर्थशास्त्रातली एखादी संकल्पना समजली नाही तर कुणाला विचारायचे, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारे घरात कुणी नसते. शहरातल्या खात्यापित्या घरातल्या मुलाला क्लास असतो, काका असतो, ओळखीचे सर असतात. आपल्या मुलाला आज पहिल्यांदा रात्री अकरा वाजताही न कंटाळता उत्तर देणारे काहीतरी मिळाले आहे. ते त्याच्या हातातून काढून घेणे हा अन्याय होईल.

पण पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला धोकाही जास्त असतो. ज्याच्या घरात वाचणारे चार जण आहेत त्याची चूक जेवणाच्या ताटावर पकडली जाते. आपल्या मुलीची चूक पकडायला त्या दिवशी आजोबा होते. प्रत्येक वाडीत तसे आजोबा असतीलच असे नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाला शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दीच्या निमित्ताने भाषणे, पोस्ट, चित्रफिती, ‘दुर्मीळ’ छायाचित्रे यांचा पूर येणार. त्यातला बराचसा मजकूर यंत्राने रचलेला असेल. आपला इतिहास आधीच पुष्कळ दडपला गेला आहे. जो उरला त्यात आपल्याच हाताने भेसळ झाली, तर उद्या विरोधकाला कष्ट घ्यावे लागणार नाहीत. ‘यांची हीसुद्धा वाक्ये बनावटच’ म्हणून तो खऱ्या पुराव्यालाही उडवून लावेल.

यंत्र बोलते तरी कसे?

पेणच्या पहिल्या बैठकीत मी सगळ्यांना मोबाइल काढायला सांगितले. संदेश लिहायच्या जागी ‘जय’ एवढाच शब्द लिहा आणि कळफलक पुढचा कोणता शब्द सुचवतो ते बघा. कुणाच्या मोबाइलवर ‘भीम’ आले, कुणाच्या ‘महाराष्ट्र’, एका आगरी मित्राच्या मोबाइलवर ‘शिवराय’. मग मी विचारले, “मोबाइलला जयभीम म्हणजे काय ते कळतं का?” सगळे हसले. मोबाइलला काहीच कळत नाही. त्या हाताने आजवर काय लिहिले, त्यावरून तो पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतो.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुले झाले. त्यामागचे तत्त्व हेच आहे, फक्त प्रमाण अफाट आहे. इंटरनेटवरची पाने, पुस्तके, बातम्या, चर्चा अशा प्रचंड मजकुरातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचे नमुने ते यंत्र शिकते. आपण प्रश्न टाकला की त्या नमुन्यांच्या आधारे एकेक तुकडा जोडत ते उत्तर तयार करते. पुढे माणसांकडून उत्तरांना पसंती-नापसंती घेऊन त्याला आणखी वळण लावले जाते. त्यामुळे उत्तर नम्र, नीटनेटके आणि आपल्याला आवडेल असे येते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, यंत्राचे उत्तर ‘असे असू शकते’ या जातीचे असते, पण ते ‘असेच आहे’ अशा थाटात सांगितले जाते. बाबासाहेबांचे भाषण मागितले की बाबासाहेबांच्या भाषणासारखे दिसणारे काहीतरी मिळते. ते खरे भाषण असेलच असे नाही. दोन, ते आपल्या ‘हो’ला ‘हो’ करण्याकडे झुकलेले असते. चुकीच्या गृहीतावर प्रश्न विचारला, तर पुष्कळदा त्याच गृहीतावर इमला चढवते.

हे समजावताना मला अडखळायला झाले. तेव्हा पेणचाच एक मुलगा मदतीला धावला. तो सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात काम करतो. म्हणाला, “ताई, हे साच्यासारखं झालं. साच्यातून मूर्ती गुळगुळीत निघते, नाक-डोळे जागेवर असतात. पण डोळ्यांची आखणी कारागिरालाच करावी लागते. आखणी न करता मूर्ती कोण विकतं?” यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. एआयकडून आलेला मजकूर हा साच्यातून निघालेला माल आहे. त्याला घासणे, तपासणे, डोळे आखणे हे आपले काम.

हल्ली काही साधने इंटरनेटवर शोध घेऊन दुवेही देतात. तो फायदाच आहे. पण दुवा दिसला म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही. दुवा उघडतो का, आणि उघडल्यावर तिथे तीच गोष्ट लिहिलेली आहे का, हे आपल्यालाच पाहावे लागते.

शिकलेले लोकही फसतात

आपली मुलगी फसली म्हणून तिला कमी लेखायचे कारण नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी त्यांना आणि त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलर दंड केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या प्रकरणात आयकर विभागाचा करनिर्धारण आदेश रद्द केला. त्या आदेशात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. एआयच्या काळात यंत्राने दिलेले निष्कर्ष डोळे झाकून वापरू नका, आधी पडताळा, असे न्यायालयाने अधिकाऱ्यांना बजावले.

वकील, अधिकारी यांनाही हा मोह आवरत नसेल, तर एकोणीस वर्षांच्या मुलीला काय बोल लावायचा? मात्र न्यायालयात चूक पकडायला समोरचा वकील असतो, न्यायाधीश असतात. व्हॉट्सॲपच्या गटात असे कुणी नसते.

यंत्रातली जात

समाजशास्त्र शिकलेली कार्यकर्ती म्हणून मला यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र समाजाच्या लिखाणावर पोसले जाते. त्या लिखाणात जात आहे, म्हणून यंत्रातही जात उतरते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने यावर एक शोधवार्ता प्रसिद्ध केली. त्यात समाजशास्त्राच्या एका दलित संशोधकाचा अनुभव आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे इंग्रजी सुधारण्यासाठी त्याने तो चॅटजीपीटीला दिला. इंग्रजी सुधारून आले, पण सोबत त्याचे आडनावही बदलून ‘शर्मा’ झाले होते. कुणी तसे सांगितले नव्हते. त्याच वार्तेसाठी घेतलेल्या चाचण्यांत रिकाम्या जागा भरायला दिल्यावर मॉडेलने बहुतेक ठिकाणी साचेबंद उत्तरे निवडली. विद्वत्ता एका जातीकडे, गटारसफाई दुसऱ्या जातीकडे.

हे ऐकल्यावर रोह्याच्या मुलांनी स्वतः प्रयोग केला. “महाराष्ट्रातल्या एका छोट्या शहरातल्या रुग्णालयावर गोष्ट लिही, त्यात डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार यांची पूर्ण नावे दे,” अशी सूचना चार जणांनी आपापल्या मोबाइलवर दिली. डॉक्टरांना देशपांडे आणि कुलकर्णी ही आडनावे मिळाली. सफाई कामगारांत कांबळे दोनदा आले. एक कांबळे आडनावाचा मुलगा तिथेच बसला होता. तो म्हणाला, “मॅडम, माझा मामा डॉक्टर आहे.”

चार मोबाइलवरच्या प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना लगेच सांगितले. पुढच्या वेळी वेगळी नावे येतीलही. नमुना लहान आहे, सूचनेच्या शब्दांनीही फरक पडतो. ‘कशावरून?’ हा प्रश्न आपल्या स्वतःच्या निष्कर्षालाही विचारायचा असतो. पण यंत्राला तटस्थ समजू नये, एवढे त्या मुलांना कायमचे कळले. मनुवाद टिकायला मनुस्मृती हातात धरलेला माणूसच लागतो असे नाही. सवयीने तेच ते लिहिणारे कोट्यवधी हात पुरेसे असतात.

भाषेचेही असेच आहे. इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी थोडी, मराठीत आंबेडकरी साहित्य त्याहून थोडे, आणि आपल्या भागातली आगरी किंवा कातकरी बोली तर नावालाच. जे लिहून ठेवले गेले नाही ते यंत्राला कुठून कळणार? तुमच्या वाडीतून १९२७ ला महाडला कोण चालत गेले होते, हे कुठल्याही एआयला माहीत नाही. ते तुमच्या आजीला माहीत असेल.

महाड मुळात पुराव्याची लढाई होती

आता चवदार तळ्याकडे नव्या नजरेने पाहा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि परतले. त्यानंतर गावात अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसे काहीही ठरलेले नव्हते. पण कुणीही ‘कशावरून?’ विचारले नाही. जमाव चालून आला आणि परिषदेच्या प्रतिनिधींची डोकी फुटली. न तपासलेली बातमी काय करू शकते, हे सांगायला आपल्याला परदेशातले दाखले नकोत.

पुढे वाद न्यायालयात गेला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथले पाणी घ्यायचे नाही ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. बाबासाहेबांनी हा दावा घोषणांनी खोडला नाही. कागद, नोंदी आणि साक्षी यांच्या बळावर दहा वर्षे लढा दिला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: ही रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. म्हणजे ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे नुसते म्हणणे पुरावा ठरले नाही. चळवळीने पाणी मिळवले ते हिमतीने, आणि कायद्याने राखले ते ‘कशावरून?’ या प्रश्नाने.

हा प्रश्न आपल्याकडे त्याहून जुना आहे. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपण सर्वांनी ऐकलेले असते. केसपुत्त नगरातले कालाम लोक गोंधळले होते. येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत खरे म्हणून सांगे आणि दुसऱ्याचे खोडून काढे. तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या एकट्या भरवशावर काही स्वीकारू नये. त्यांत ऐकीव गोष्ट आहे, परंपरा आहे, वदंता आहे, ग्रंथात असणे आहे. आपल्या आधीच्या मताशी जुळणे आहे, बोलणाऱ्याची छाप पडणे आहे, आणि ‘हे आमचे गुरू’ म्हणून मान्य करणेही आहे. एआयचे उत्तर यातल्या किती खणांत बसते ते मोजा. ते इंटरनेटवरचे ऐकीव आहे, आपल्या मताला धरून बोलते, भाषेने छाप पाडते, आणि आपण त्याला गुरूच्या जागी बसवू लागलो आहोत.

इथे एक गंमत लक्षात घ्यायला हवी. ‘स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच खरे माना’ अशा अर्थाचे एक वाक्य बुद्धांच्या चित्रासह इंटरनेटवर फिरत असते. मूळ सुत्तात तसे नाही. निव्वळ तर्क आणि निव्वळ अनुमान हेसुद्धा त्या दहांच्या यादीत आहेत. सुत्त पुढे सांगते की एखादी गोष्ट अकुशल आहे का, जाणते लोक तिची निंदा करतात का, तिच्यामुळे अहित होते का, हे स्वतः जाणून घ्या आणि मग सोडा किंवा धरा. म्हणजे पडताळणी हवी, परिणामाचा विचार हवा आणि जाणत्यांशी चर्चाही हवी. ऐकीव गोष्टींपासून सावध करणारे सुत्तच ऐकीव रूपात पसरावे, याहून मोठा धडा कोणता?

रोह्याच्या मुलांना मी कुडा लेणी पाहून यायला सांगितले. तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या अंगाला, २६ लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची ओळख कोरलेली आहे. कुणी माळी, कुणी वैद्य, कुणी लोखंडाचा व्यापारी, कुणी भिक्खुणी. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली, तरी कोणी काय दिले हे आजही वाचता येते. त्या लोकांनी आपल्या दानाखाली नाव घातले. एआयच्या उत्तराखाली कुणाचेच नाव नसते. ज्या वाक्याची जबाबदारी घेणारे कुणी नाही, ते वाक्य आपण आपल्या नावावर का खपवायचे?

करून पाहा: चार प्रयोग

आमच्या बैठकांत सर्वाधिक उपयोगी पडलेले चार प्रयोग देते. एका रविवारी दोन तासांत होतात.

१. खोटा प्रश्न. “१९२७ च्या महाड परिषदेत गांधीजींनी केलेल्या भाषणाचा सारांश दे,” असे एआयला सांगा. गांधीजी त्या परिषदेला आलेच नव्हते. आमच्या बैठकीत एका ॲपने तसे स्पष्ट सांगितले, दुसऱ्याने पाच मुद्द्यांचा सारांश काढून दिला. मग खरी गोष्ट मुलांना सांगा: डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या मंडपात गांधीजींचे छायाचित्र मात्र लावलेले होते. त्या काळचा इतिहास असा गुंतागुंतीचा आहे. यंत्र तो गुळगुळीत करून टाकते.

२. आकडा शोधा. महाडच्या परिषदेला किती लोक आले होते, हे विचारा. एआय बहुधा एकच आकडा ठामपणे देईल. आता दोन-तीन पुस्तके उघडा. आकडे वेगवेगळे दिसतील. ते का, हा प्रश्न मुलांना पडला की इतिहासाचा अभ्यास सुरू झाला म्हणून समजा.

३. मूळ गाठा. बाबासाहेबांचे म्हणून फिरणारे एक वाक्य घ्या आणि त्याचा खंड, पान, तारीख शोधा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेतला १८ वा खंड मराठी भाषणांचा आहे, तीन भागांत. १७ व्या खंडाच्या पहिल्या भागात महाडची सामग्री आहे. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्या त्रिसूत्रीतल्या शब्दांचा क्रमही असाच तपासून पाहा. जुलै १९४२ च्या नागपूरच्या परिषदेतील इंग्रजी भाषणात संघर्ष दुसरा आहे आणि संघटन तिसरे. आपण ते उलट म्हणतो. क्रम बदलल्याने अर्थ बदलतो का, यावर आमच्याकडे तासभर वाद झाला. असा वाद कुठल्याही ॲपने घालून दिला नसता.

४. आधी आपण, मग यंत्र. विषयावर आधी स्वतः दहा ओळी लिहा. मोडक्या असल्या तरी चालतील. मग एआयला म्हणा, “यातले कच्चे मुद्दे दाखव, नवे लिहून देऊ नकोस.” दोन्ही कागद शेजारी ठेवा. काय घेतले, काय नाकारले आणि का, हे समासात लिहा. २०२५ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ५४ जणांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात चॅटजीपीटीने निबंध लिहिणाऱ्यांना काही मिनिटांनी आपल्याच निबंधातले वाक्य सांगणे जड गेले होते. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण स्वतः न लिहिलेले भाषण मध्येच विसरण्याचा अनुभव आपल्यालाही आहेच.

शिष्यवृत्ती, कागदपत्रे आणि चेहरे

व्यवहारातल्या तीन गोष्टी. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीची मुदत, उत्पन्नाची अट, लागणारे दाखले हे एआयला विचारून गप्प बसू नका. नियम बदलतात, यंत्र जुनी माहितीही ताजी म्हणून सांगते. पोर्टल पाहा, महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या लिपिकाला विचारा. एक चुकीची तारीख म्हणजे वर्षभराची फी.

आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक यांचे फोटो एआयवर टाकून ‘अर्ज भरून दे’ म्हणू नका. गावातल्या अत्याचाराच्या प्रकरणात मदत करताना पीडितेचे नाव-गाव तर अजिबात टाकू नका. ती माहिती कुठे साठते यावर आपला ताबा नसतो.

बाबासाहेबांचे, माता रमाईंचे एआयने केलेले चित्र सुंदर दिसते. लावा, पण खाली ‘एआयने तयार केलेले चित्र’ असे लिहा. ते ‘दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून पाठवणे ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

शिक्षकांना एक विनंती

प्राध्यापकांचा त्रास मला समजतो. चाळीस प्रकल्प येतात आणि चाळीसही सारखेच दिसतात. पण ‘हे एआयने लिहिले आहे’ असे सांगणाऱ्या यंत्रांवर भरवसा ठेवू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने असे स्वतःचे साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशी साधने एआयचे म्हणून चुकीने ठरवत होती. साधे, मोजक्या शब्दांचे इंग्रजी लिहिणारा विद्यार्थी त्यात पहिला अडकतो. तो विद्यार्थी बहुधा आपलाच असतो.

त्यापेक्षा पाच मिनिटे समोर बसवा आणि विचारा: हा मुद्दा कुठून घेतला? याच्या विरुद्ध काय म्हणता येईल? प्रकल्पही असे द्या की ज्याचे उत्तर मोबाइलमध्ये नाही. पेणच्या कारखान्यात हंगामी काम करणाऱ्या बायकांचा रोज. कुंडलिकेच्या पाण्यावर जगणाऱ्यांचे अनुभव. आपल्या वाडीतला विहार कसा उभा राहिला याची वर्गणीची वही.

विहारांनी आणि तरुण मंडळांनीही एक नियम करावा असे मला वाटते. बाबासाहेबांच्या नावाने कोणतेही वाक्य फलकावर किंवा भाषणात घ्यायचे तर खंड आणि पान सांगायचे. सांगता आले नाही तर ते वाक्य घ्यायचे नाही. शताब्दीसाठी आपण अनेक ठराव करू. त्यात हा एक बिनखर्चाचा ठराव असू द्या.

ती मुलगी २० मार्चला बोलली. आधीच्या भाषणाच्या निम्मे भाषण होते. बाबासाहेबांचा उतारा काढून तिने खऱ्या घटना घेतल्या: वीरेश्वराच्या देवळाची अफवा, डिसेंबरच्या परिषदेला जागा देणारे फत्तेखान, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे. एआय तिने शेवटी वापरले, जड वाक्ये सोपी करायला. भाषण संपल्यावर आजोबांनी सवयीने विचारले, “बाय, फत्तेखानांचं कुठं वाचलंस?”

तिने पिशवीतून पुस्तक काढले, खूण घातलेले पान उघडले आणि त्यांच्या हातात दिले. आजोबांनी चष्मा लावला आणि तिथेच वाचायला बसले.